ओळखी भरपूर, मग ऑर्डर का वाढत नाहीत?

घरून मसाले, पापड, फराळ, शिवणकाम नाहीतर साबण-उटण्यांचा उद्योग करणाऱ्या बाईला एक सल्ला हमखास मिळतो: नेटवर्किंग वाढवा. ज्याला स्वतः काही विकावं लागत नाही, तो हा सल्ला जास्त जोरात देतो. सल्ला चुकीचा नाही, अर्धवट आहे. कारण ओळखी बहुतेकींकडे आधीच भरपूर असतात. भिशी असते, बचत गट असतो, सोसायटीतल्या मैत्रिणी असतात, शाळा सुटायची वाट बघत फाटकाशी उभ्या राहणाऱ्या आया असतात, शिवाय माहेर-सासरचं गणगोत. पहिली चाळीस-पन्नास पाकिटं या ओळखींवर हातोहात खपतात. दुसऱ्या महिन्यात निम्मी जातात. चौथ्या महिन्यात नणंदेला फोन करून "अजून एखादं ठेवू का तुला?" असं विचारायची वेळ येते. माल तोच, चव तीच, कष्ट तेच. मग घोडं अडतं कुठे?

अडतं ते ओळखींच्या रचनेत. भिशीतल्या बारा जणी एकमेकींना ओळखतात. एकीला जे दुकान माहीत, ते बाकीच्या अकरा जणींनाही माहीत. एकीच्या ओळखीचा केटरर बाकीच्यांच्या लग्नकार्यातही येऊन गेलेला. त्यामुळे अशा गटात माणसं बारा असली तरी बातम्या फार तर दोन-तीन माणसांच्या. आपला माल नव्या माणसापर्यंत पोचवायचा तर त्या माणसाला ओळखणारं कुणीतरी आपल्या ओळखीत हवं, आणि ते कुणीतरी सहसा भिशीत नसतं.

अमेरिकी समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी ही गोष्ट १९७३ साली आकड्यांत मांडली. बॉस्टनजवळच्या न्यूटन शहरात नुकतीच नोकरी बदललेल्या लोकांना त्यांनी विचारलं, की ही नोकरी ज्याच्यामुळे कळली तो माणूस तुम्हाला त्या काळात किती वेळा भेटत होता? आठवड्यातून दोनदा किंवा जास्त भेटणाऱ्यांमुळे नोकरी मिळाली असं सांगणारे १६.७ टक्के निघाले. अधूनमधून भेटणाऱ्यांमुळे मिळाली असं म्हणणारे ५५.६ टक्के, आणि वर्षाकाठी जेमतेम एकदा भेटणाऱ्यांमुळे मिळाली असं सांगणारे २७.८ टक्के. जिवाभावाचा मित्र मदत करायला तयार असतोच, पण त्याला ठाऊक असलेलं आपल्यालाही आधीच ठाऊक असतं. जुना सहकारी, कधीकाळचा शेजारी, कार्यक्रमात दोनदा भेटलेला माणूस वेगळ्या वर्तुळात वावरतो, म्हणून त्याच्याकडे वेगळी बातमी असते.

ग्रॅनोव्हेटर यांनी ज्यांच्याशी बोलणं केलं ते सगळे पुरुष होते, तेही चांगल्या हुद्द्यांवरचे. त्यांचं निरीक्षण जसंच्या तसं उचलून म्हसवडच्या किंवा मालवणच्या बाईला लावलं, तर "जवळच्या मैत्रिणींत वेळ घालवू नका, अनोळखी लोकांत मिसळा" असा उफराटा सल्ला तयार होतो. तो देण्याआधी आपल्याकडचे दोन अभ्यास पाहायला हवेत.

पहिला अहमदाबादचा. कष्टकरी बायकांच्या 'सेवा' संघटनेच्या बँकेतल्या खातेदार बायकांना दोन दिवसांचं धंद्याचं प्रशिक्षण दिलं गेलं. चिठ्ठ्या टाकाव्यात तसं काहींना एकटीने बोलावलं, काहींना एक मैत्रीण बरोबर आणायला सांगितलं. एरिका फील्ड, सीमा जयचंद्रन, रोहिणी पांडे आणि नतालिया रिगोल यांनी त्याचा पाठपुरावा केला, तेव्हा फरक दिसला तो मैत्रिणीबरोबर आलेल्यांत. त्यांनी कर्ज घेण्याचं प्रमाण वाढलं, ते पैसे धंद्यात लावले, कामाचा आवाकाही वाढवला. एकट्या आलेल्यांत असा बदल फारसा आढळला नाही. ज्यांच्या घरी आणि समाजात बायकांवर बंधनं जास्त, त्यांच्यात मैत्रिणीचा परिणाम अधिक ठळक होता.

दुसरा कोलकात्याचा. तिथल्या एका सूक्ष्मकर्ज संस्थेच्या काही गटांना पहिल्या कर्जाच्या वेळी दर आठवड्याला भेटायला लावलं, काहींना महिन्यातून एकदाच. पुढच्या कर्जाला सगळ्यांचं वेळापत्रक सारखं केलं, तरी आधी दर आठवड्याला भेटत असलेल्या गटांत कर्ज बुडण्याचं प्रमाण कमी राहिलं. वारंवार भेटल्यामुळे बायका एकमेकींच्या घरी जाऊ लागल्या होत्या, अडीनडीला उभ्या राहू लागल्या होत्या.

तेव्हा जवळच्या ओळखीतून हिंमत आणि आधार मिळतो, लांबच्या ओळखीतून नवी ऑर्डर. धंद्याला दोन्ही लागतात. गफलत होते ती एकीकडून दुसरीचं काम काढायला गेलं की. मैत्रिणींनाच पुन्हा पुन्हा गिऱ्हाईक बनवलं की मैत्रीही आंबते आणि विक्रीही.

इथे एक व्यावहारिक फरक लक्षात घ्यायला हवा, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. जवळची ओळख चेहऱ्यावर चालते. मावशीच्या हातचा मसाला आहे एवढं पुरतं. पाकिटावर तारीख नसली तरी कुणी विचारत नाही. लांबच्या माणसाला मावशी ठाऊक नसते. त्याला लेबल लागतं, फूड लायसन्सचा नंबर लागतो, बिल लागतं, दिलेल्या तारखेला माल लागतो. लांबची ओळख कागदावर चालते. बायकांचे घरगुती उद्योग ज्या टप्प्यावर थांबतात, तो बहुधा चेहऱ्यावरून कागदावर जाण्याचा टप्पा असतो.

माणदेशी महिला सहकारी बँकेची सुरुवात या संदर्भात आठवते. सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडमध्ये चेतना गाला सिन्हा यांच्या पुढाकाराने ती १९९७ साली उभी राहिली. त्याआधी रिझर्व्ह बँकेने परवान्याचा अर्ज एकदा नाकारला होता, कारण संस्थापक सभासदांत निरक्षर बायका होत्या. बायका लिहा-वाचायला शिकल्या, पुन्हा अधिकाऱ्यांपुढे गेल्या आणि म्हणाल्या, कुठल्याही मुद्दलावरचं व्याज विचारा, तोंडी सांगतो. परवाना मिळाला. हिशेब त्यांच्या डोक्यात आधीपासून पक्का होता. समोरच्या अनोळखी संस्थेला तो दिसेल अशा रूपात मांडणं तेवढं बाकी होतं. याच मंडळींनी पुढे ग्रामीण उद्योजक बायकांसाठी स्वतंत्र चेंबर ऑफ कॉमर्स काढलं, हे मला बँकेइतकंच महत्त्वाचं वाटतं.

लांबच्या ओळखी मिळतात कुठे?

शहरांत बिझनेस क्लब आहेत. बीएनआय ही १९८५ साली अमेरिकेत सुरू झालेली संस्था आता आपल्याकडच्या मोठ्या शहरांत मुरली आहे. तिच्या प्रत्येक शाखेत एका व्यवसायाचा एकच सभासद असतो, दर आठवड्याला बैठक होते आणि एकमेकांना गिऱ्हाईक सुचवायचं असतं. मराठी उद्योजकांसाठी माधवराव भिडे यांनी सॅटर्डे क्लब सुरू केला. "एकमेकां साहाय्य करू, अवघे होऊ श्रीमंत" हे त्याचं ब्रीद तुकोबांच्या ओळीला थोडा व्यापारी हिसका देऊन केलेलं आहे. पद्धत चांगली आहे. पण अशा कित्येक बैठका सकाळी सात-साडेसातला भरतात. त्या वेळेला घरात डबे भरायचे असतात, मुलांची रिक्षा यायची असते. बैठकीची वेळ ठरवताना कुणी बायकांना वगळायचं असं मनात आणत नाही, तरी बायका वगळल्या जातात. काही बायकांचे गट दुपारी दोन ते चार भेटतात. वार्षिक फी भरण्याआधी आपण वेळ पाळू शकू का, हे बघावं.

हळदीकुंकवाचं म्हणाल तर संक्रांतीच्या मोसमात त्याइतकं मोठं, फुकट आणि बायकांचं असं दुसरं संमेलन महाराष्ट्रात नाही. वाणाच्या पिशवीत आपल्या उटण्याची पुडी घालणाऱ्या बायकांचं मला कौतुक आहे. पण विधवांना बाहेर ठेवणाऱ्या हळदीकुंकवात नेमक्या त्या बायका येत नाहीत ज्यांना उत्पन्नाची सगळ्यात जास्त गरज असते. ज्या मंडळांनी ही अट काढून तिळगुळाचा सरसकट कार्यक्रम केला, त्यांनी नकळत बाजारही मोठा केला.

घरगुती उत्पादनासाठी मात्र प्रदर्शनाला तोड नाही. बचत गटांसाठीच्या सरकारी 'उमेद' अभियानाचं महालक्ष्मी सरस, पुण्यात बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टची भीमथडी जत्रा, जिल्ह्या-तालुक्यांची लहान प्रदर्शनं. इथे अनोळखी माणूस पैसे खिशात घेऊन, चव घ्यायच्या तयारीने आपण होऊन समोर येतो. तरी बहुतेक स्टॉलवर संध्याकाळी एकच प्रश्न असतो: आज गल्ला किती झाला? गल्ला हवाच, स्टॉलचं भाडं आणि राहण्या-खाण्याचा खर्च निघायला हवा. पण प्रदर्शनाची खरी कमाई त्यानंतरच्या महिन्यांत येते, आणि ती येण्यासाठी टेबलाखाली एक वही लागते.

वहीत पाच रकाने पुरे: नाव, मोबाईल, राहण्याचा भाग, काय नेलं, काय विचारलं. शेवटचा रकाना सगळ्यात मोलाचा. "बिनकांद्याचं आहे का?", "पाव किलोचं पाकीट नाही?", "ठाण्यात कुठे मिळेल?" हे प्रश्न तिथल्या तिथे लिहायचे, नाहीतर रात्रीपर्यंत विसरतात. गर्दीत सगळ्यांचे नंबर घेणं जमत नाही आणि गरजही नाही. चव घेऊन "छान आहे" म्हणत पुढे जाणारा जाऊ द्या. पाकीट उलटं करून मागचं लेबल वाचणारा मात्र थांबवावा. तो दुकानदार असतो, परदेशी पार्सल पाठवणारा असतो, नाहीतर घरात पथ्य असलेलं चोखंदळ गिऱ्हाईक असतं. तिन्ही माणसं पुन्हा येणारी.

प्रदर्शन संपल्यावर चार-पाच दिवसांत फोन करावा. "ताई, ऑर्डर द्या ना" अशी सुरुवात केली की समोरची माणसं पटकन फोन ठेवतात. त्यापेक्षा, "काकू, जत्रेत तुम्ही थालीपिठाची भाजणी नेली होतीत, करून बघितलीत का? तिखट जास्त नाही ना वाटलं?" असं विचारलं की काकू बोलायला लागतात. भाजणीत धने कमी आहेत इथपासून सुनेला आवडली इथपर्यंत. ऑर्डर त्या बोलण्यात आपोआप येते, किंवा येत नाही. पण आपलं नाव त्या मोबाईलमध्ये सेव्ह होतं. याला तांत्रिक कारणही आहे. व्हॉट्सॲपची ब्रॉडकास्ट लिस्ट फक्त त्यांनाच पोचते ज्यांनी आपला नंबर सेव्ह केलेला आहे. वहीतून उतरवलेल्या दोनशे नंबरांना फोन न करता थेट जाहिरात पाठवली, तर ती पोचतच नाही. ग्रुपमध्ये ढकलली तर पोचते, पण लोक ग्रुप सोडतात.

आणि शेजारचा स्टॉल! प्रदर्शनात गिऱ्हाईकांइतकंच लक्ष शेजारणींकडे द्यावं असं माझं ठाम मत आहे. डावीकडे सोलापूरची शेंगाचटणीवाली, उजवीकडे सिंधुदुर्गातली कोकम-आगळवाली. तिचं गिऱ्हाईक आपलं असू शकतं, पण तिच्याशी आपली स्पर्धा नाही. आठ-दहा दिवस एकत्र घालवलेले, एकमेकींच्या स्टॉलवर लक्ष ठेवलेलं, चहा वाटून घेतलेला. पुढे वर्षभरात भेट होणार नाही, पण फोन केला तर ती ओळखणार. तिने आपली पाकिटं तिच्या गावातल्या ओळखीच्या दुकानात ठेवायची, आपण तिचं आगळ आपल्याकडे. दिवाळीत चार गावचे चार पदार्थ एका टोपलीत घालून कंपन्यांना भेटवस्तू म्हणून देता येतात. एकटीला तेवढा वेगवेगळा माल करणं शक्यच नसतं. ग्रॅनोव्हेटर ज्याला अधूनमधून भेटणारा माणूस म्हणतात, तो हाच.

ओळखीतून ओळख मागण्याचीही रीत असते. "कुणी असेल तर सांग हं" याला समोरची "हो हो" म्हणते आणि विसरते, कारण नेमकं कोण हे तिला कळत नाही. "तुझ्या ऑफिसात दिवाळीच्या भेटी कोण ठरवतं? नंबर नको देऊस, त्यांच्या कानावर माझं नाव घाल आणि मी एक पाकीट पाठवलं तर चालेल का एवढंच विचार" असं म्हटलं की काम छोटं आणि स्पष्ट होतं. नंबर न मागण्यात शहाणपण आहे. मैत्रिणीला तिच्या साहेबांपुढे अवघडायला होत नाही. पुढे जे होईल ते तिला आवर्जून कळवावं. ऑर्डर मिळाली नाही तरीही. बहुतेक जणी फक्त काम झालं तर सांगतात, आणि शब्द टाकणाऱ्याला वाटत राहतं की आपलं म्हणणं वाया गेलं.

आता मार्केटिंग आणि विक्री. मोठ्या कंपन्यांत ही दोन खाती असतात आणि त्यांचं बरेचदा पटत नाही. मार्केटिंगवाले म्हणतात, आम्ही एवढ्या चौकश्या आणून दिल्या, विक्रीवाले फोनच करत नाहीत. विक्रीवाले म्हणतात, तुमच्या चौकश्या निव्वळ टाइमपास करणाऱ्यांच्या. मार्केटिंगचं काम अनोळखी माणसाच्या मनात आपलं नाव आणि एक अपेक्षा तयार करणं. विक्रीचं काम त्या माणसाकडून पैसे घेऊन ती अपेक्षा ठरल्या दिवशी पुरी होईल हे बघणं. लहान उद्योगात हे दोन्ही एकाच बाईकडे किंवा एकाच गटाकडे असतं, म्हणून भांडण नसेल असं वाटतं. पण असतं.

गटात एक बोलकी असते आणि एक हाताला चव असलेली. बोलकी स्टॉलवर उभी राहते. गिऱ्हाईक विचारतं, "चकली किती दिवस टिकेल?" ती म्हणते, "महिनाभर कुठे जात नाही." हाताला चव असलेली गावाकडे भाजणी भाजत असते, तिला माहीत असतं की या तेलात, या पॅकिंगमध्ये पंधरा-वीस दिवसांनंतर खवट वास येतो. तिला कुणी विचारलेलं नसतं. विसाव्या दिवशी तक्रार येते ती बोलकीच्या फोनवर, आणि तीही ती पुढे सांगत नाही, कारण मैत्रिणीला कशाला दुखवा. मग पुढच्या घाण्यात तीच चूक. यावर उपाय फार साधा आहे: पंधरवड्यातून एकदा, हिशेबाच्या दिवशीच, वहीतला पाचवा रकाना आणि आलेल्या तक्रारी सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायच्या. कोणाची चूक हा विषय काढायचा नाही. काय कबूल करायचं आणि काय नाही, हे त्या बैठकीत ठरतं आणि पुढच्या प्रदर्शनात सगळ्या तेवढंच बोलतात.

लिज्जतची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे, तिच्यातला एक तपशील मात्र कमी सांगितला जातो. १५ मार्च १९५९ ला गिरगावात एका इमारतीच्या गच्चीवर सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटले. पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली, ती भुलेश्वरच्या ओळखीच्या व्यापाऱ्याला विकली. इथवर सगळं चेहऱ्यावरचं. सुरुवातीला त्या दोन प्रतींचे पापड करत: एक चांगला, एक जरा हलका आणि स्वस्त. त्यांना मार्गदर्शन करणारे छगनलाल पारेख, म्हणजे छगनबाप्पा, यांनी सांगितलं की एकच प्रत ठेवा आणि तिच्यात तडजोड करू नका. नंतर हजारो बायका घरोघरी पापड लाटू लागल्या, तरी पीठ शाखेत मळलेलं न्यायचं आणि लाटलेले पापड तपासून घ्यायचे ही शिस्त राहिली. ज्याने लाटणारीला कधी पाहिलंच नाही असा गिऱ्हाईक पाकीट डोळे मिटून घेतो तो या शिस्तीमुळे.

दुकानदाराशी नातं जोडताना सगळ्यात जास्त ठेच लागते ती किमतीत. जरा आकडेच मांडू. समजा २०० ग्रॅम गोडा मसाला आहे. साहित्य ६२ रुपये, कांडप-गॅस-वीज ६, पाकीट आणि लेबल ९, मजुरी १८ (स्वतःची धरूनच, "माझं काय, घरचंच काम" म्हणून ती सोडून देणं हा आपल्याकडचा जुना रोग आहे). एकूण ९५. घरून विकताना किंमत १३० ठेवली, ३५ सुटले. छान. आता दुकानदार म्हणतो, छापील किमतीवर २० टक्के द्या. १३० चे २० टक्के २६. हातात १०४, सुटले ९. पुढे माल चार तालुक्यांत न्यायला डिस्ट्रिब्युटर घेतला आणि त्याने छापील किमतीवर ८ टक्के मागितले, तर आणखी १०.४० गेले. हातात ९३.६०. माल जेवढा जास्त खपेल तेवढा तोटा.

तेव्हा किंमत पहिल्या दिवसापासून लांबच्या प्रवासाची धरायला हवी. तोच मसाला १६० ला ठेवला तर दुकानाचे ३२ आणि डिस्ट्रिब्युटरचे १२.८० जाऊन ११५.२० उरतात, म्हणजे खर्च वजा जाता २०.२०. त्यातून सॅम्पल, वाहतूक, फुटलेली पाकिटं. मग प्रश्न येतो: घरून घेणाऱ्या मैत्रिणींना जुन्याच भावात द्यायचं का? देऊ नये. दुकानातून १६० ला घेतलेली बाई त्याच सोसायटीत १३० चं पाकीट बघते, दुकानात जाऊन जाब विचारते, आणि दुकानदार तुमचा माल मागच्या फळीवर टाकतो. जवळच्यांना सवलत द्यायचीच असेल तर घरपोच द्या, दोन पाकिटांवर चटणीची पुडी द्या. छापील भाव एकच ठेवा. भाव १६० ला खपणारच नसेल, तर तो माल दुकानातून विकण्याजोगा नाही, हेही एक उत्तर आहे. सगळ्याच उद्योगांनी दुकानात जायला हवं असं कुणी सांगितलं?

दुकानदार नव्या बाईचा माल सहसा "विकेल तसे पैसे" या बोलीवर ठेवतो. सुरुवातीला हे मान्य करायला हरकत नाही, पण थोड्या मालावर आणि ठरलेल्या मुदतीपुरतं. दहा पाकिटं, एक महिना, मग हिशेब. मुदत संपत आलेला माल आपणहोऊन बदलून द्यावा. दुकानदाराने सांगायची वाट बघू नये. पंधरा दिवसांनी फळी बघायला स्वतः जावं आणि काउंटरवरच्या पोऱ्याशीही दोन शब्द बोलावेत. "गोडा मसाला कुठला चांगला?" या गिऱ्हाईकाच्या प्रश्नाला उत्तर मालक देत नाही, तो पोऱ्या देतो.

सरकारी खरेदीचा दरवाजा अनेकींना माहीत नसतो. केंद्र सरकारची खाती आणि सार्वजनिक कंपन्या यांनी आपल्या वार्षिक खरेदीपैकी किमान २५ टक्के सूक्ष्म व लघु उद्योगांकडून करायची असते, आणि २०१८ पासून त्यातच एकूण खरेदीच्या ३ टक्के महिलांच्या मालकीच्या उद्योगांकडून. सरकारी खरेदीसाठीच्या जेम (गव्हर्नमेंट ई-मार्केटप्लेस) या पोर्टलवर २०१९ साली 'वुमनिया' नावाचा वेगळा कप्पा सुरू झाला. पिशव्या, गणवेश, फाइल कव्हरं, हस्तकलेच्या वस्तू करणाऱ्यांनी तो बघावा. नोंदणी फुकट आहे, पण फोटो, वजन-मापं, पोचवण्याची मुदत हे सगळं काटेकोर भरावं लागतं.

राहता राहिली उधारी, म्हणजे व्यापारी नात्यातला सगळ्यात नाजूक भाग. माल दिला, दुकानदार गोड बोलतो, पैसे मात्र पुढच्या आठवड्यावर जातात. भीड भिकेची बहीण, हे तोंडपाठ असूनही पैसे मागताना बायकांची जीभ जड होते. गटात एक तोड चालते: माल देणारी वेगळी आणि वसुलीला जाणारी वेगळी. म्हणजे पहिलीचे संबंध गोड राहतात आणि दुसरी "मला गटाला उत्तर द्यायचंय" असं म्हणू शकते.

त्यामागे कायद्याचा टेकूही आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाचे पैसे लेखी करार असेल तर त्यातल्या मुदतीत, पण कुठल्याही परिस्थितीत ४५ दिवसांत द्यावे लागतात. लेखी काहीच नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, तेही दरमहा चक्रवाढ व्याज लागू होतं, आणि तक्रार ऑनलाइन करता येते. हे संरक्षण माल तयार करणाऱ्यांना आणि सेवा देणाऱ्यांना आहे. दुसऱ्याचा माल आणून नुसता विकणाऱ्यांना नाही. या संरक्षणासाठी लहान उद्योगांची 'उद्यम' ही सरकारी नोंदणी लागते, ती ऑनलाइन होते, फुकट होते आणि माल देण्याच्या आधी केलेली असावी. चार पाकिटांच्या उधारीसाठी कुणी तक्रार करत बसणार नाही, मान्य. पण २०२४ पासून आयकराचा एक नियम आपल्या बाजूने काम करतो: मुदतीत न दिलेलं सूक्ष्म-लघु उद्योगाचं देणं खरेदीदाराला त्या वर्षीच्या खर्चात धरता येत नाही, प्रत्यक्ष पैसे दिल्यावरच धरता येतं. त्यामुळे थोड्या मोठ्या दुकानांचे आणि कंपन्यांचे सीए मार्च जवळ आला की पुरवठादारांची यादी काढून कुणाकडे उद्यम नोंदणी आहे ते तपासतात. बिलबुक छापायला टाकाल तेव्हा नावाखाली तो नोंदणी क्रमांक आणि "देय मुदत" अशी एक ओळ छापून घ्या. तोंडाने मागायला जे जड जातं, ते मग बिलच मागतं.